सपाट जमीन

डॉक्टर आठल्ये म्हणाले, गुडघ्यांसाठी रोज
सपाट जमिनीवर चाला.
मी पाषाणच्या तळ्याकडे गेलो.
तिथे सपाट आहे खरं,
पण जमीन आहे की नाही, ते महिन्यावर ठरतं.

कार्तिकात बांधाखालून वाट निघते.
पाणकणसांची तपकिरी बोंडं खांद्याला लागतात.
एक सहज मोडलं, तर त्यातून इतका कापूस सुटला
की स्वेटरवरून दोन दिवस निघेना.
कुमुद म्हणाली, कुठे लोळून आलात?

पाय टाकला की चिखल आधी विचार करतो,
मग पाय ठेवून घेतो,
आणि परत देताना
उसने पैसे फेडणाऱ्या माणसासारखा
कुरकुरतो.

चौतीस वर्षं मी माती तपासली.
पाकिटातून आलेली, वाळवलेली, चाळलेली.
सामू इतका. सेंद्रिय कर्ब इतका.
खाली सही.
वास मात्र कधी घेतला नव्हता,
तसा रकानाच नव्हता.

पौषात एका शाळेची सहल आली.
थापट्या बदकं धुक्यात चोची घासत होती,
पोरांचं तिकडे लक्ष नव्हतं.
एका मुलीने विचारलं, आजोबा, खाली किती खोल आहे?
मला सांगता येईना.
रखवालदार निम्हण बांबू घेऊन आला
आणि दाबत राहिला.
बांबू गेला, गेला,
निम्हणांच्या छातीइतकाच वर उरला,
तरी तळ लागला म्हणावं असं काही नाही.
उपसला तेव्हा काळाकुळकुळीत,
मागोमाग बुडबुडे,
आणि विझलेल्या काडीचा, नासक्या अंड्याचा वास.
पोरं नाक धरून नाचली.
ती मुलगी नाचली नाही. तिने बोटाने
बांबूवरचा काळा थर खरवडला
आणि हातरुमालात बांधून नेला.

चैत्रात पाणी मागे सरतं.
वाळलेल्या जलपर्णीवर चालताना
पापडाच्या डब्यावर पाय पडल्यासारखं वाटतं.
भेगा रुंदावतात. एका भेगेत चप्पल दिसली,
डाव्या पायाची.
माझी आश्विनात गेली होती, तीही डावीच.
वाकलो, गुडघा बोलला,
ओढून काढली तर ती इवलीशी,
कुणा लहान मुलाची,
अंगठ्याचा ठसा अजून तसाच.
बक्कल गंजलेलं, रबर मात्र काल घेतल्यासारखं.
निम्हण म्हणाले, या चिखलात काही लवकर कुजत नाही साहेब,
त्याला घाई नसते.
मी ती होती तिथे ठेवली.
का ठेवली, सांगता येणार नाही.

ज्येष्ठात आठ दिवस गेलोच नाही. ऊन.

श्रावणात वाट बुडाली.
'पायवाट क्रमांक दोन' ही पाटी पाण्यातून डोकं काढून उभी,
तिच्यावर रंगवलेला वंचक पुसट झालेला,
आणि त्याच्या डोक्यावर खरा वंचक बसलेला,
तितकाच मळकट, तितकाच निश्चल.
मी बांधावरूनच पाहिलं.
जांभळ्या पाणकोंबड्या कोवळे कोंब सोलत होत्या,
बाजारात शेंगा निवडणाऱ्या बायकांसारख्या,
अर्ध्या खात, अर्ध्या टाकत.
पलीकडे महामार्गावर ट्रक. आणि मध्ये ही
न आटलेली, न भरलेली,
कुणाच्याच सातबाऱ्यावर नीट न बसणारी गोष्ट.

भाद्रपदात डॉक्टरांनी विचारलं, चालताय ना?
चालतोय म्हटलं.
सपाट?
मी गप्प.

त्या संध्याकाळी कपाटात जुनं पाकीट सापडलं,
आमच्या प्रयोगशाळेचं.
दुसऱ्या दिवशी वाटेच्या कडेने मूठभर चिखल
त्यात भरून आणला, न वाळवता.
नाव, गाव, खोली लिहिली.
सामू, कर्ब कोरे सोडले.
ओट्यावर ठेवलं तशी कुमुद ओरडायला आली,
आली आणि थांबली.
पाकीट नाकाशी नेऊन म्हणाली,
माहेरी विहिरीचा गाळ काढायचे ना, तेव्हा असाच...

वाक्य तिने पुरं केलं नाही.
सकाळी साडेसहाला दारात पाहतो तर
तिने माझे जुने गमबूट घातलेले,
आत कागदाचे बोळे कोंबून.