झाकणाखालची साय

लेम्पी हाताया वर्षातून एकदा येते गॅरेजवर,
मार्च सरता सरता,
रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून सडायला लागला की.
बदामी रंगाची जुनी ब्यूक,
मागच्या सीटवर फावडं आणि मिठाची पिशवी,
पुढच्या खणात रेइनोची वही.

वहीत एकेचाळीस वर्षांच्या पेन्सिलीतल्या नोंदी,
तारीख, मैल, फिल्टरचा नंबर.
दर दोन ओळींत तीन हजारांचं अंतर,
धावदोऱ्याच्या टाक्यांसारखं, इकडचं तिकडे नाही.
रेइनो लोखंडाच्या खाणीत होता,
तीस मैल जाणं, तीस मैल येणं.
त्याचं इंजिन रोज तापायचं, रोज आतून सुकायचं.
तीन हजार हा आकडा त्याच्या रस्त्याचा होता,
त्याच्या पाळीचा.

शेवटची नोंद अडीच वर्षांपूर्वीची,
सात आणि एक ओळखू येऊ नयेत इतकी थरथरलेली.
त्याखाली पान कोरं.

"सव्वीसशेच झालेत," लेम्पी म्हणाली.
"चर्च, वाणसामान, गुरुवारी दफनभूमी.
चारशे बाकी आहेत अजून. तू वायपर तेवढे बदल."

तेलाला मैल मोजता येत नाहीत, मी म्हणालो.
त्याला एवढंच कळतं, की उणे वीसमध्ये कुणीतरी चावी फिरवली,
आणि अंगात ऊब शिरायच्या आत
कुणीतरी ती काढूनही घेतली.
दोन मैल, बंद. दोन मैल, बंद.
आतलं पाणी आतच राहतं. पेट्रोलही थोडं.
कमी चालणारी गाडीच जास्त कष्टते, लेम्पी.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं,
जसं गिऱ्हाईक फिल्टर विकू पाहणाऱ्याकडे पाहतं.

हातच्या काकणाला आरसा कशाला?
बॉनेट उघडून तेलाचं झाकण फिरवलं
आणि तिच्या तळहातावर उलटं ठेवलं.
आत साय धरली होती,
पिवळट, दाट, ताक-लोणी एकत्र झाल्यासारखी.
तिनं बोटानं निपटली, हुंगली,
आणि बोट बराच वेळ पुसलं नाही.

खालचा बोल्ट सोडला.
साडेचार क्वार्ट काळं पाणचट, तळाशी गाळ.
"भारीतलं घालू का?"
"रेइनो साधंच घालायचा."
साधंच घातलं. साध्यानंही भागतं,
फक्त त्याला वाट पाहायला लावू नये.
डिपस्टिकवर नवं तेल चटकन दिसत नाही,
पट्टी उजेडात तिरकी धरावी लागते.
तिनं धरली. "आहे का यात काही?" म्हणाली.
मग दिसलं तिला.

वही माझ्यापुढे केली, लिही म्हणून.
माझे हात बरबटलेत, मी म्हणालो.
हातमोजे मी नुकतेच काढले होते.

पेन्सिल सापडायला वेळ लागला.
एक ओळ मोकळी सोडून तिनं तारीख घातली,
मैल, फिल्टरचा नंबर मला दोनदा विचारून.
समासात 'सहा महिने',
त्यापुढे प्रश्नचिन्ह. मग ते खोडलं.

निघताना सांगितलं, आठवड्यातून एकदा
हमरस्त्याला घे. वीस मैल जा, परत ये.
"कुठे जाऊ?"
कुठेही. इंजिनाला काय कळतंय.
"मला कळतं ना," ती म्हणाली,
आणि वायपर विसरून निघून गेली.

ते घ्यायला आली तेव्हा मंगळवार होता,
बॉनेटवर हात टेकवत नव्हता.
कुठे गेली होतीस, मी विचारलं नाही.
मागच्या सीटवर स्मेल्ट माशांची थैली होती,
म्हणजे पार सरोवरापर्यंत, साठेक मैल.

माझ्या ट्रकच्या काचेवरच्या स्टिकरची तारीख
मागच्या थँक्सगिव्हिंगची आहे.
दिव्याखाली अंधार.
करतो या रविवारी.