उशिरा व कमी दाबाने

खडकी बाजारात, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला
मंडळाचा फळा आहे, तीन फूट बाय चार.
गेली अकरा वर्षं तो मी लिहितो.
कुणी नेमलं नाही. रिटायर झालो, हात रिकामा होता,
आणि आधीचा लिहिणारा ‘आवाहन’चं ‘अवाहन’ करायचा.

पहाटे ओल्या फडक्याने पुसतो.
रात्रभर गिरणीचं पीठ बसलेलं असतं,
कालच्या बातम्या पुसल्या की बोटांना कणीक लागते.

मग लिहितो:
गुरुवारी पाणी येणार नाही.
शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने येईल.
कुत्र्यांना लस, रविवारी, दवाखान्यामागे, साखळी आपापली आणावी.
सेल्वी अक्कांच्या इडलीच्या गाडीवर कानाचं यंत्र सापडलं आहे,
ओळख पटवून न्यावे.
(ओळख कशी पटवायची, यावर गिरणीत दोन दिवस वाद.
गोम्स म्हणाला, मागून हाक मारा. जो वळणार नाही, त्याचं.)
हरवला आहे: पोपट.
मिठू लिहू नका, म्हणाली चौथीतली पोर,
त्याचं नाव इन्स्पेक्टर आहे.

दुःखद मजकूर मात्र उजव्या कोपऱ्यात, नुसत्या पांढऱ्या खडूने.
तो कोपरा महिनाभर रिकामा राहिला
तरी तिथे मी कुत्र्यांची लस लिहीत नाही.

बुधवारी रात्री तांबोळींचा धाकटा आला. उंबऱ्यातच थांबला.
काका, अब्बांचं लिहायचंय.

इब्राहिम आणि मी, फॅक्टरीत एकाच शेडमध्ये अठ्ठावीस वर्षं.
तो पत्र्यातून अक्षरं कापायचा, मी त्या भोकांतून
पेट्यांवर रंग मारायचो: लॉट, वजन, साल, ही बाजू वर.
माझं अक्षर म्हणून लोक ज्याचं कौतुक करतात
तो मुळात त्याने काढून टाकलेला पत्रा आहे.
शून्य कापताना तो दोन बारीक पूल ठेवायचा,
वर एक, खाली एक.
नाहीतर शून्याचं पोट गळून पडतं, म्हणायचा,
मग राहतं नुसतं भोक.

गुरुवारी भोंग्याआधी फळ्याशी गेलो.
पाणी नव्हतं, कोरड्यानेच पुसलं,
आदल्या दिवसाचं पुसट दिसत राहिलं.
इब्राहिम कासम तांबोळी, वय ७०.
दफनविधी आज दुपारच्या नमाजनंतर, २.३० वाजता.
मजकूर चोख. ओळ सरळ. वेलांट्या जिथल्या तिथे.
हात कापला नाही, याचाच जरा राग आला.
शून्यं दोन होती. दोन्हींना वर-खाली फट ठेवली.

मूठभर माती टाकली. घरी येऊन वरण-भात जेवलो.
बायको म्हणाली, जरा पडा. पडलो.
पंख्याला तीन पाती आहेत.
काही आलं नाही.

शुक्रवारी साडेनऊला बादली लावून नळाशी बसलो.
नळ आधी खोकला. मग नुसती हवा. मग लालसर दोन थेंब.
मग करंगळीएवढी धार लागली
आणि तीच वेळ साधून माझंही सुरू झालं.
बायकोने पाहिलं. बोलली नाही.
एक बादली भरल्यावर दुसरी सरकवली,
मग घरात होतं नव्हतं ते सगळं भांडं,
दुधाचं पातेलंसुद्धा.

दुपारी फळ्याशी गेलो तर दोन्ही शून्यं बंद झालेली.
पोपटवाली उभी होती, बोटं पांढरी.
आजोबा, तुमचं शून्य तुटलं होतं, मी जोडलं.
बरं केलंस, म्हटलं.
इन्स्पेक्टर आला का?
नाही, म्हणाली. उद्याही लिहा.
आणि जरा मोठं लिहा.
तो वरून वाचतो.