मक्याचं तेल

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
उद्यान खात्याच्या ट्रकमध्ये मी भरते
एक बादली, एक मोडकी छत्री,
मक्याच्या तेलाचा कॅन,
पेन्सिल, कारण शाई पावसात फुटते,
आणि टायरीस, वय एकोणीस,
हंगामी, अजून अर्धा झोपेत.

ठराव मंगळवारी झाला. तीन विरुद्ध दोन.
फुटबॉलच्या मैदानावर हिरवट विष्ठा,
मिसेस हॅलोरनचे यजमान घसरले, खुबा मोडला,
तळ्याच्या पाण्याचा अहवाल तर कुणी
उभं राहून वाचला, प्रत्येक आकड्यावर थांबत.
रानहंसांना गोळ्या घाला असं कुणीच म्हणालं नाही.
ब्रुकमिल सभ्य उपनगर आहे.
इथे नको असलेल्या गोष्टी
सुरूच होऊ देत नाहीत.

मग सगळे माझ्याकडे वळले.
वांडा, तू बघशील ना?
एकवीस वर्षं बघतेच आहे मी:
झोपाळ्यांना ग्रीस, कुत्र्यांच्या पिशव्यांचे रोल,
बाकांवर कोरलेली नावं घासून काढणं,
मेलेल्यांच्या नावाच्या पितळी पट्ट्या
त्याच बाकांवर ठोकणं.

पहिलं घरटं तळ्याकाठच्या विलोखाली.
नर मान जमिनीलगत ताणून येतो, फिस्कारत.
छत्री उघड, मी सांगते. मारायचं नाही.
नुसतं मोठं दिसायचं.
टायरीस मोठा दिसतो.
माझा आजोबा असाच होता, तो म्हणतो,
सगळा आवाज पुढे, मागे काहीच नाही.

अंडं बादलीत सोडायचं.
बुडलं, तर आत अजून कुणी नाही,
निदान परवाना तसं मानतो.
पुसायचं, तेल लावायचं, बोटांच्या पेरांनी,
कवचाचं एकही छिद्र श्वास घेणार नाही असं,
आणि होतं तिथे, होतं तसं, परत.
तरंगलं, तर हात काढून घ्यायचा.

परत कशाला? टायरीस विचारतो. फोडून टाकू ना.
फोडलं तर तिला कळेल,
ती पुन्हा घालेल.
अशी ती बसून राहते.

तेल कोमट असतं, ट्रकच्या हीटरपाशी ठेवलेलं.
धाकट्याच्या टाळूवर खपल्या धरल्या होत्या
तेव्हा हेच, ह्याच बोटांनी.
म्हणून मी काम करताना बोलत राहते,
बेसबॉलबद्दल, गॅसच्या दराबद्दल,
कशाहीबद्दल.

नववं घरटं वाचनालयाच्या मागे,
पुस्तकं परत टाकायच्या पेटीला लागून.
सहा अंडी. पहिलं पाण्यात सोडलं
आणि ते राहिलं वर,
जाड टोक आकाशाकडे, किंचित डुलत,
कुणी आत कूस बदलावी तसं.
टायरीसने एका बोटाने त्याला हळूच खाली दाबलं.
बोट काढलं. ते पुन्हा वर.
मग त्याने बोट पँटला पुसलं, बराच वेळ.
बाकीची पाचही तशीच.
मी लिहिलं: नऊ. सहा. तेल नाही.
परत येताना तो पूर्ण जागा होता
आणि रेडिओ लावू नका म्हणाला.

आता मेचा शेवट. वाचनालयामागची सहा पिल्लं
मेन स्ट्रीट ओलांडतात, गाड्या थांबवून.
लोक फोटो काढतात, मग मला फोन करतात.

विलोखालची अजून बसलेली.
अठ्ठावीस दिवस केव्हाच झाले.
नर येतो, उभा राहतो, जातो.
परवा ती अंडी उलटत होती चोचीने,
एकेक, काळजीपूर्वक, कुठलीच बाजू गार पडू नये म्हणून.
मी दुपारचं सँडविच ट्रकमध्येच खाते, काच वर करून.

गवत कापताना तिच्याभोवती एक गोल सोडते.
आतलं गवत गुडघाभर झालं आहे, पिवळी फुलं आली आहेत,
लांबून बघितलं तर माझी चूक दिसते.

ह्या मंगळवारी कुणीतरी विचारलंच,
तळ्याकाठी तो गोल कसला?
यंत्राचं पातं बोथट झालंय, मी म्हणाले.
नव्या पात्याचे पैसे लगेच मंजूर.
पाच विरुद्ध शून्य.