दोन चौकोन

फॉर्म एका पानाचा. पेन त्यांचंच, दोरीने बांधलेलं.
शेवटून दुसऱ्या ओळीत दोन चौकोन:
रेस्टॉरंट. रिटेल.
एकावरच खूण करावी.

मी, प्रणिता अनंत कोयंडे, बारावी पास,
तारामुंबरीहून दोन रिक्षा बदलून आलेली,
खूण करत नाही.
पंखा कागदाचा कोपरा उचलतो, खाली ठेवतो.

सड्यावर हे पार्क होत होतं तेव्हा
कातळ फोडणारी मशीनं बघायला यायचो आम्ही, शाळा बुडवून.
आता तिथे एक निळी लाट आहे,
दर वीस मिनिटांनी येते, भोंगा वाजवून.
अमावास्या-पुनवेशी तिचं काही देणंघेणं नाही.
मागे समुद्र आहे,
तो तिकिटात धरलेला नाही.

नाझनीन गेल्या सीझनला दुकानात होती.
म्हणते, एसी आहे. तेवढंच आहे.
खुर्ची नाही. गिऱ्हाईक नसेल तेव्हा
टी-शर्टांच्या घड्या मोडायच्या, पुन्हा घालायच्या,
रिकामं दिसायचं नाही.
रात्री मोजणी. एक कीचेन कमी भरली
तर तिची किंमत सगळ्यांत वाटायची, प्रसादासारखी.
आणि शिंपले विकायचे,
पॉलिश मारलेले, कुठल्या तरी बंदरातून खोक्यांत आलेले,
दीडशेला तीन.
माणसं हातात घेऊन विचारतात, इथलेच ना?
"मग तू काय सांगायचीस?"
"हसायचे. हसणं ड्युटीत धरलंय."

मी खाडीत गुडघाभर उभी राहून
टोपलीभर तिसऱ्या काढल्यात,
आणि कालवण झाल्यावर शिंपल्या
माडाच्या बुडात ओतल्यात.
किती दीडशे झाले असते, हिशेब करत नाही.

सर्वेश रेस्टॉरंटात आहे. चाळीस टेबलं, डोक्यावर जाळी,
न घसरणारे बूट, ज्यांचे पैसे पहिल्या पगारातून जातात.
सुरमई येते ती दगडासारखी,
पाण्यात सोडली की तासभर काही बोलत नाही.
टीप एका डब्यात, शनिवारी वाटणी.
एकाने सोलकढी परत पाठवली,
म्हणे, दूध फाटलंय.
दुसऱ्या दिवसापासून मेनूत तिच्यापुढे
कंसात खुलासा छापला.

आईने स्टँडासमोर अठरा वर्षं खाणावळ चालवली.
काल कढई उपडी घालताना, माझ्याकडे न बघता:
"दुकानात जा गो. तेल केसात बसता,
मगे जाणा नाय."

बेंद्रे मॅडम घड्याळ बघतात.
"अगं, पगार सेमच आहे. फरक काय?"

फरक असा, की दुकानाला खिडकी नाही.
मी आत जाऊन आले मघाशी, चारही भिंतींना हात लावून.
किचनला मागचं दार आहे, दाराला तीन पायऱ्या,
आणि साडेतीन ते चार
सगळे तिथे बसून जेवतात. बसून.
सर्वेशने फोटो पाठवला होता:
चार ताटं, काढून ठेवलेले आठ बूट,
लांब पवनचक्क्या, त्यातली एक बंद,
आणि खाली
न पॉलिश केलेलं पाणी.

आणखी एक. दुकानात दिवस मोजला जातो.
खाणावळीत तो संपतो,
शेवटचं पातेलं घासलं की संपतो,
हे मी लहानपणापासून बघत आले,
आईच्या पाठीचा आवाज कट्कन येतो तेव्हा.

खूण केली. पेन सुटलं, दोरीवर लोंबकळत राहिलं.

घरी सांगितलं, दुकान.
आई म्हणाली, बरा झाला.

पहिल्या सोमवारी रात्री साडेदहाला पोचले.
केस घट्ट बांधलेले, वर ओढणी,
वाटेत अर्धी बाटली अत्तर, नाझनीनचं.
आईने ताट वाढलं. जवळून गेली एकदाच,
पाण्याचा तांब्या ठेवायला.
काही बोलली नाही.

मी आडवी झाले तेव्हा पडवीत
ती अंधारातच फडताळ उघडत होती.
मग पाण्याचा आवाज, आणि त्यात एकेक
रिठे टाकल्याचा.