जांभई

सेलूच्या जिनिंगमागं तंबू ठोकला होता,
साल आठवत नाही, मीटरगेजच्या दिवसांतलं एखादं.
पिच्चर इंग्रजी. म्हणून दस्तगीरचाचा
मशीनजवळ उभे राहून भोंग्यातून सांगायचे,
"हे लोक वरून आलेत. आभाळाच्या पल्याडहून.
माणूस झोपला की त्याच्यात शिरतात.
तेच नाक, तोच आवाज, तुटलेलं बटणही तेच.
वळखायचं कसं? जांभईवरून.
समोरच्यानं दिली तरी त्यांना येत नाही."

भुईमुगाची टरफलं फुटायची थांबली.
पडद्यावर एक डॉक्टर बायकोसमोर जांभई देतो,
पुन्हा देतो,
ती काचेचा ग्लास पुसत राहते.

मग पडदा पांढरा.
शेवटचं रीळ चुकून जिंतूरच्या गाडीत चढलं होतं.
उद्या येईल म्हणाले. तीन दिवस उद्याच म्हणाले.

तेवढ्यात गाव कामाला लागलं.
पोस्टमन मनिऑर्डर द्यायच्या आधी तोंड वासायचा,
न्हावी वस्तरा हातात धरून.
कोंडामावशीनं जावयाला सकाळपासून पाचदा तपासलं
आणि लेक माघारी ठेवून घेतली.
सरकी निवडणाऱ्या बाया
कापसाच्या ढिगाकडं पाठ करून बसेनात,
काय माहीत आत कोण निजलंय.
गणिताच्या तासाला अख्खा वर्ग जांभया द्यायला लागला.
ढेंगळे सर रागावले.
रागावले, पण त्यांना आली नाही.
ते आम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

चौथ्या दिवशी तंबू उठला.
खांब बैलगाडीत चढत होते, मी विचारलं,
"चाचा, जिंकलं कोण?"
"बाप्पा, हा पिच्चर मी अठ्ठेचाळीसला बघितलाय.
तवा पडदा नव्हता, तिकीट नव्हतं.
शेजारी शेजाऱ्याकडं रातभर असंच बघत बसला होता.
त्याचं शेवटचं रीळ मलाबी कुणी दावलं नाही."

त्याच आठवड्यात रंगनाथ, माझा थोरला भाऊ,
हैदराबादहून चार दिवसांच्या रजेवर आला.
भांग बदललेला. ठेच्याला हात लावला नाही.
आईला 'तुम्ही' म्हणाला.
आई हसली, मला मात्र घास उतरेना.
रात्री अंगणात, शेजारच्या बाजेवर,
जबडा दुखेपर्यंत मी जांभया दिल्या.
तो चांदण्या बघत पडला होता, डोळे उघडे.
मी उशाखाली विळा घेऊन झोपलो.
झोपलो कसला.

जाताना त्यानं गाडीतून हात हलवला.
हात त्याचाच होता, करंगळीवरच्या डागासकट.

त्यानंतर लग्नाला, मातीला,
वाटणीच्या कागदावर सह्या करायला भेटत गेलो
आणि दर वेळी, बोलण्याआधी,
मी एक जांभई देऊन बघितली.

परवा परभणीच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलो होतो.
नाकात नळी, छातीचा भाता.
सवयीनं माझं तोंड उघडलं.
तो माझ्याकडंच बघत होता.
"अजून तपासतोस?"

मी काही बोललो नाही. नळीतून थेंब पडत होते.
मग तोच म्हणाला, थांबत थांबत,
"सिकंदराबादला बघितला होता मी तो.
गावाकडं यायच्या आदल्या रात्री.
पूर्ण."

"शेवटच्या रिळासकट?"
त्यानं पापण्या मिटून हो म्हटलं.
"मग? जिंकलं कोण?"

आणि लाईट गेली.

जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो तिथं.
अंधारात कुणीतरी जांभई दिली,
लांब, खोल, शेवटी जराशी कण्हल्यासारखी.
वॉर्डात खाटा अकरा.

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो,
मला येते का, बघत.