पाव आहे का घरात

सिंकखालचं सगळं बाहेर काढलं होतं:
फिनेल, पिशव्यांची पिशवी, कांद्यांची टोपली.
आत कोपऱ्यात ते दोघे,
तांब्याचा, ठिबकणारा,
आणि पिवळा, गॅसचा. मध्ये चार बोटं.
शारजातल्या या इमारतीत
ते इतक्या जवळून कुणी नेले,
हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

मेंटेनन्सने पाठवलेला माणूस निघाला गुहागरकडचा.
दाऊद होडेकर. शर्टावर कंपनीचं नाव, खिशात कंगवा.
आधी नुसतं पाहिलं त्याने. बराच वेळ.
मग बाहेर जाऊन गॅस बंद केला,
आत येऊन शेगडी पेटवली:
निळं फूल थरथरलं, बसलं.
"नळीतला उरलेलाही गेला."
खिडक्या उघडल्या. ऑगस्ट आत आला
ओल्या गोधडीसारखा.

कोपर आणि लांब तुकडा त्याने बाल्कनीतच जोडला,
वाळत घातलेले कपडे बाजूला सारून.
"आत एकच सांधा करायचा.
आगीला घरात कमीत कमी बोलवावं, बाय."

पिवळ्याला ओलं फडकं गुंडाळलं,
ताप आलेल्या पोराच्या कपाळाला ठेवतात तसं.
दोघांच्या मध्ये राखाडी चादर, न जळणारी.
पाण्याची बादली. आग विझवायचं लाल नळकांडं.
सगळं हाताशी आहे ना, दोनदा मोजलं,
आणि विचारलं,
"पाव आहे का घरात?"

मला वाटलं, सकाळपासून उपाशी असेल.
कालचे खुबूस होते. गरम केले,
वर बटाट्याची भाजी घालून ताट पुढे केलं.
"भाजी राहू दे," म्हणाला,
खुबूसचा मऊ भाग ओरबाडून
गोळी केली आणि पाइपात सारली. खोल.

मेन बंद केला तरी वरून थेंब येतच राहतो.
थेंब आहे तोवर तांबं तापत नाही,
तांबं तापल्याशिवाय डाख धरत नाही.
पाव तेवढा वेळ थेंब पितो.

डाख.
चौदा वर्षं मीही सोल्डरच म्हणत आले.

पिवळ्याकडे पाठ करून धरली त्याने ज्योत.
तार टेकवली ती पलीकडून, अलगद,
आणि चांदी फिरून आली सांध्याभोवती
कुणी ढकललं नसताना,
जिकडे ऊब तिकडे.

झालं. पण माणूस उठेना.
मी वीस दिरहम काढले. मान हलवली.
"अर्धा तास बसायचं असतं. आग कधीकधी मागाहून येते.
अजमानला एकदा आम्ही पाच मिनिटांत निघालो होतो..."
पुढचं बोलला नाही.
खुबूसच्या उरलेल्या कडा घेऊन
भाजी खाल्ली, नजर भिंतीवर.

मग गॅस सोडला, पिवळ्याच्या जोडांवर साबणाचा फेस.
एकही बुडबुडा फुगला नाही.
नळ सोडला: आधी खोकला, मग लगदा, मग पाणी.
"जाळी दोन दिवस लावू नका. अजून येईल थोडा."
ताट धुऊन उपडं घातलं होतं त्याने,
ते मला रात्री कळलं.

तिसऱ्या दिवशी चहाच्या आधणात
एक पांढुरका कण.
वाकून, कांद्यांची टोपली सरकवून
पिवळ्यावर हात ठेवला.
गार होता.