साडेचार मिलिमीटर

हातिमभाईंनी काचेवर दोन छर्रे ठेवले.
एक साडेचारचा, एक साडेपाचचा.
"मारायचं काय आहे ते आधी सांगा," म्हणाले,
"बंदूक नंतर."

मला मिलिमीटर कळतात.
अठराची कडी खिशात घेऊन मी बागेत फिरतो,
घडाघडाला लावून बघतो,
कडीतून पडला तो मणी कंटेनरमध्ये जात नाही.
साडेचार म्हणजे ज्वारीएवढा मणी,
जीएच्या डिपिंगच्या वेळचा.
एवढ्याशानं काय मरतं?

"घुशी," मी म्हणालो.
मोहाडीच्या बागेत तिसऱ्या ओळीपासून विहिरीपर्यंत
ठिबकच्या नळ्या कातरल्यात, बांध आतून पोखरलाय.
पाणी सोडलं की ते जिभाऊ ढिकल्यांच्या कांद्यात निघतं
आणि जिभाऊ फोन करून आभार मानतात.

सशाचं मी काही बोललो नाही.
हातिमभाईंनीही विचारलं नाही.
मागच्या भिंतीवर वनखात्याचा कागद होता, पिवळा पडलेला,
बोलता बोलता त्यांनी फडक्याने
तेवढ्याच कागदावरची धूळ पुसली.

तात्यांची बावीस नंबरची होती, लायसनची.
दर निवडणुकीला ठाण्यात जमा व्हायची.
पावतीची घडी तात्या टोपीत ठेवायचे
आणि निकालापेक्षा तिची वाट जास्त बघायचे.
शेवटच्या खेपेला ती तिकडेच राहिली,
मतमोजणीच्या आधी तात्याच गेले.
पावती माझ्याकडे आहे:
नळीचा नंबर, आणि खाली शेरा, "पट्टा जीर्ण".

थंडीच्या रात्री मी त्यांच्यामागे बॅटरी धरायचो.
हलली की शिवी.
नाही हलली तर शिवी नाही, एवढंच कौतुक.
घरापर्यंत ससा मी आणायचो, कानांना धरून.
कान गार पडायला
ओढ्यापासून गोठ्यापर्यंतची वाट पुरायची नाही.
आई गोठ्याशेजारी तीन दगड मांडायची,
त्या पातेल्याला घरात जागा नव्हती.

"साडेपाच जड, लागला तर जोरात लागतो,
पण लवकर वाकतो," हातिमभाई सांगत होते.
"साडेचार सरळ जातो. तीस पावलांच्या आत
डोक्यात बसला तर घुशीला पुरे.
नाही बसला तर ती बिळात जाते
आणि तीन दिवस मरत राहते.
बंदूक मी देतो. हात तुमचा."

मी खांद्याला लावून बघितली.
माशीच्या टोकावर
समोरच्या साडीच्या दुकानातली पुतळी आली,
हिरवी पैठणी, तुटकं बोट.
खाली केली.
साडेचारचीच घेतली. आधारची झेरॉक्स दिली,
पाचशे छर्ऱ्यांची डबी घेतली,
पिकअपमध्ये रिकाम्या क्रेटांखाली सरकवली.

गंधकाचा डबा बांधावर ठेवून
आठवडाभर भोकं पाडली.
मग पंधरा दिवसांत सात घुशी.
आठवी बिळात गेली.
तिला मी हिशोबात धरलेली नाही.
तीन दिवस त्या बांधावरून गेलोही नाही,
पाणी सोडायला श्रावण्याला पाठवलं.

आता सहाच्या सुमाराला
नव्या लागवडीत एक येतो.
कोवळ्या फुटी खातो, तीन झाडं सोडून चौथं,
का ते त्यालाच ठाऊक.
गंधकाच्या डब्याशेजारीच बसतो.
तीस पावलं. मी मोजलेली आहेत.
नळी मोडलेली, छर्रा अंगठ्याखाली,
बॅटरीची गरजच नाही, इतकं ऊन आहे अजून;
कानांतून आरपार येतं,
शिरा दिसतात.

डाव्या हाताने खिसा चाचपतो तर कडी लागते.
एक डोळा मिटून
तिच्यातून बघतो.
मावतो अख्खा, कानांसकट,
आणि चघळत राहतो.